आईची सही चालेनाशी झाली तर: कॅलिफोर्नियातली कॉन्झर्व्हेटरशिप, पहिल्या कागदापासून

आईला घेऊन बँकेत गेले होते, तिच्याच खात्यातून तिच्याच औषधांचे पैसे काढायला. काउंटरवरच्या मुलीनं नेहमीप्रमाणे जन्मतारीख विचारली. आई हसून म्हणाली, "गुरुवार." मुलगी बिचारी चांगली होती, तिनं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं मला विचारलं की पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (मुखत्यारपत्र) आहे का, मी म्हटलं नाही, आणि त्या दिवसापासून ते खातं आमच्यासाठी कुलूप लावल्यासारखंच झालं. मी मुलगी आहे, पंधरा वर्षं आई माझ्याच घरी राहते, फ्रीमॉन्टमधे सगळे ओळखतात, हे सगळं खरं असलं तरी कायद्याच्या दृष्टीनं शून्य. मोठ्या माणसाच्या वतीनं सही करायचा हक्क नात्यानं मिळत नाही, बायकोला नाही, नवऱ्याला नाही, मुलांना तर नाहीच.

त्यानंतर वर्षभर जे काय केलं ते इथे लिहून ठेवतेय. मी वकील नाहीये, पण यातनं एकदा गेलेय आणि नंतर एका मैत्रिणीला तिच्या मुलासाठी मदत केलीय. हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे, अमेरिकेत प्रत्येक स्टेटचा कायदा वेगळा, शब्दही वेगळे, त्यामुळे न्यू जर्सी किंवा टेक्ससवाल्यांनी फॉर्मचे नंबर वगैरे जसेच्या तसे घेऊ नका.

शब्दावरूनच सुरुवात करू, कारण मी पहिला आठवडा तिथेच घालवला. बऱ्याच स्टेट्समधे मोठ्या माणसाच्या देखभालीसाठी गार्डियन असतो आणि पैशांसाठी कॉन्झर्व्हेटर. कॅलिफोर्नियात तसं नाही. इथे गार्डियनशिप म्हंजे फक्त १८ वर्षांखालच्या मुलांची. मोठ्या माणसासाठी सगळ्याला कॉन्झर्व्हेटरशिपच म्हणतात, तिचे दोन भाग, एक 'पर्सन'चा म्हणजे राहणं, खाणं, औषधपाणी, आणि दुसरा 'इस्टेट'चा म्हणजे पैसाअडका. दोन्ही मागता येतात किंवा एकच. ज्याच्यासाठी नेमणूक होते तो कॉन्झर्व्हेटी. मी सात दिवस गार्डियनशिपचे फॉर्म भरत बसले होते, ते सगळे लहान मुलांचे निघाले.

आधी हे बघा की कोर्टात जायची गरज आहे का

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून लांब लिहितेय. कॉन्झर्व्हेटरशिप म्हंजे एका माणसाचे हक्क कोर्टानं काढून दुसऱ्याच्या हातात देणं, आणि कोर्ट ते सहजासहजी करत नाही. ब्रिटनी स्पीअर्सचं प्रकरण आठवत असेल, २००८ पासून ती लॉस एंजेलिसच्या कोर्टाच्या कॉन्झर्व्हेटरशिपखाली होती आणि १२ नोव्हेंबर २०२१ ला ती संपली. त्याच काळात इथला कायदा बराच कडक झाला. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या एबी १६६३ या कायद्यानं तर अजून स्पष्ट केलं की आधी सौम्य उपाय बघा, ते का पुरले नाहीत ते अर्जात सांगा, आणि मगच या.

सौम्य उपायांत पहिला नंबर ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीचा. इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. "आमच्याकडे आईचं मुखत्यारपत्र आहे की, सांगलीला रजिस्टर केलेलं," असं माझ्या दादानं मला फोनवर मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं. पण भारतात मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं, इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम २०१ मधे तसंच आहे. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी ते मरतं. कॅलिफोर्नियात 'ड्युरेबल' असं लिहिलेलं असेल तर डिमेन्शिया आला तरी ते चालू राहतं. प्रोबेट कोड या इथल्या कायद्यातच त्याचा छापील नमुना आहे, त्यावर नोटरीसमोरच सही करावी लागते; वेगळा लिहून घेतला तर नोटरी किंवा दोन साक्षीदार, कायद्याला दोन्ही चालतं. तरी नोटरी कराच, बँका साक्षीदारांच्या सह्यांवर नाकं मुरडतात.

दुसरा कागद अ‍ॅडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह, दवाखान्यातले निर्णय कोणी घ्यायचे त्याचा. त्यालाही दोन साक्षीदार किंवा नोटरी, पण साक्षीदारांपैकी एक तरी नात्यातला नसलेला हवा, आणि माणूस नर्सिंग होममधे असेल तर तिथल्या ओम्बड्समनची (रहिवाशांचे हक्क बघणाऱ्याची) सही लागते. हा कागद नसला तरी हातपाय गाळू नका. २०२३ पासून कायद्यात यादी आहे की माणूस बोलू शकत नसेल तर दवाखाना कोणाला विचारू शकतो, त्यात नवरा-बायको, मोठी मुलं, आईवडील, भावंडं, नातवंडं, अगदी जवळचा मित्रसुद्धा येतो. त्यामुळे फक्त ऑपरेशनला होकार द्यायचाय एवढ्यासाठी कॉन्झर्व्हेटरशिप शक्यतो लागत नाही.

सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे हा वेगळाच प्रांत. सोशल सिक्युरिटी ऑफिस पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी मानत नाही, कोर्टाचं कॉन्झर्व्हेटरशिपचं पत्र असलं तरी त्यावर आपोआप पैसे देत नाही, त्यांना त्यांचा स्वतःचा रिप्रेझेंटेटिव्ह पेयी, म्हणजे त्या माणसाच्या वतीनं पैसे घेणारा त्यांनी नेमलेला माणूस, लागतो, त्याचा अर्ज त्यांच्याकडेच करायचा. मग घरात उत्पन्न म्हणून तेवढंच असेल तर पेयी झालात की काम झालं, इस्टेटसाठी कोर्टात जायचंच कशाला.

आणि एक नवीन गोष्ट, सपोर्टेड डिसिजन मेकिंग. यात माणूस निर्णय स्वतःच घेतो, त्यानं निवडलेली माणसं फक्त समजावून सांगतात, सोबत येतात. जरा विसरभोळेपणा असलेल्या वडिलांसाठी किंवा शिकायला हळू असलेल्या मुलासाठी हे बरेचदा पुरतं.

आता कळीचा मुद्दा. हे कागद करायला माणसाला समज हवी. पण डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे समज संपली असं नाही, सुरुवातीच्या काळात सकाळच्या वेळी डोकं स्वच्छ असताना काय सही करतोय हे कळत असेल तर सही चालते. आम्ही ती दोन वर्षं "बघू, करू, एवढं काय झालंय तिला" यात घालवली. ती माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. आईची जन्मतारीख गुरुवार झाल्यावर तो रस्ता बंद झाला.

कोणत्या प्रकारची मागायची

साधी, म्हणजे जनरल कॉन्झर्व्हेटरशिप, ही म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा अपघातात मेंदूला मार लागलेल्यांसाठी. लिमिटेड कॉन्झर्व्हेटरशिप ही ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी, बौद्धिक अपंगत्व असं १८ च्या आधीपासून असलेल्यांसाठी, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. तिसरी एलपीएस, १९६७ च्या लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायद्याखालची, गंभीर मानसिक आजारासाठी. ती घरच्यांना मागता येतच नाही. उपचार करणारी संस्था शिफारस करते आणि काउंटीचं ऑफिस कोर्टात जातं, ती एका वर्षानं आपोआप संपते आणि पुन्हा मागावी लागते. मुलगा स्किझोफ्रेनियाच्या झटक्यात आहे आणि औषध घेत नाही, म्हणून साधी कॉन्झर्व्हेटरशिप घेऊन त्याला बंद वॉर्डात ठेवू असं कोणाच्या मनात असेल तर ते होत नाही, साध्या कॉन्झर्व्हेटरला तो अधिकारच नसतो.

आणि घाई असेल तर टेंपररी. कोणीतरी म्हाताऱ्या माणसाकडून चेकवर सह्या घेतंय, किंवा दवाखाना डिस्चार्ज देतोय आणि ठेवायला जागा नाही, अशा वेळी. कायम नेमणुकीचा अर्ज केलेला असावा लागतो, साधारण पाच कोर्ट-दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि कोर्टानं वाढवली नाही तर ती ३० दिवसांत संपते. टेंपररीच्या जोरावर घर विकता येत नाही, माणसाला घरातून हलवायलाही परवानगी लागते.

सिद्ध काय करायचं असतं? पर्सनसाठी, की हा माणूस स्वतःचं आरोग्य, अन्न, कपडे, निवारा बघू शकत नाही. इस्टेटसाठी, की तो आपले पैसे सांभाळू शकत नाही किंवा फसवणूक आणि दबाव याला तोंड देऊ शकत नाही. आणि पुरावा 'क्लिअर अँड कन्व्हिन्सिंग' हवा, म्हणजे नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा बराच भक्कम. एकदा पाकीट हरवलं, एकदा नको ती वर्गणी दिली, एवढ्यावर होत नाही, कायद्यातच लिहिलंय की सुटे प्रसंग पुरावा नाहीत. त्यामुळे वही ठेवा. मी तारीखवार लिहायला लागले, गॅस चालू ठेवला, दुपारी दोनला दार उघडं टाकून खाली गेली, लॉटरीवाल्याला फोनवर खात्याचा नंबर सांगितला. ती वही पुढे फार कामाला आली.

कागद

मुख्य अर्ज जीसी-३१०. त्याच्यासोबत जीसी-३१२, हा गोपनीय असतो, यात खरी कहाणी लिहायची, काय जमतं, काय जमत नाही, कोणते दुसरे उपाय करून बघितले. माझा अनुभव असा की लोक ३१० वर जीव टाकतात आणि ३१२ दोन ओळींत उरकतात, नेमकं उलटं करायला हवं, चौकशीला येणारा कोर्टाचा इन्व्हेस्टिगेटर तेच वाचून येतो. शिवाय जीसी-३१४, म्हणजे तुमची स्वतःची झाडाझडती, दिवाळखोरी, गुन्हे, पैशांचे वाद वगैरे, ती खरी भरा.

सगळ्यात उशीर लावणारा कागद म्हणजे जीसी-३३५, डॉक्टरांचं कपॅसिटी डिक्लरेशन. हे घरच्यांनी भरायचं नाही. डिमेन्शिया असेल आणि तुम्हाला कुलूपबंद मेमरी केअरमधे (डिमेन्शियाच्या माणसांसाठीच्या केंद्रात) ठेवायचा किंवा डिमेन्शियाची औषधं द्यायचा खास अधिकार हवा असेल तर सोबत ३३५-ए पण लागतो, आणि अर्जाला जीसी-३१३ जोडायचा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी निम्मे चौकोन रिकामे ठेवले, कोर्टानं परत पाठवला, पाच आठवडे गेले. अपॉइंटमेंट घेताना सांगाच की फॉर्म भरायचाय, आणि निघायच्या आधी तिथेच उभं राहून पानन् पान तपासा, लाजू नका.

वैद्यकीय निर्णयांचा पूर्ण अधिकार हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. नुसता पर्सनचा कॉन्झर्व्हेटर झालात तर आईचा नकार तरीही नकारच राहतो. कोर्टानं 'हिला वैद्यकीय संमती देण्याची क्षमता नाही' असं म्हटलं तरच तुमचा शब्द शेवटचा.

अर्ज माणूस जिथे राहतो त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात. फी साधारण ४३५ डॉलर, शिवाय इन्व्हेस्टिगेटरची फी काउंटीप्रमाणे. फी माफी हवी असेल तर एफडब्ल्यू-००१-जीसी, आणि इथे लक्षात ठेवा, माफीसाठी उत्पन्न बघतात ते कॉन्झर्व्हेटीचं, तुमचं नाही. तुम्ही सॉफ्टवेअरमधे कितीही कमवत असा, मुलगा एसएसआयवर (अपंग, कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) असेल तर माफी मिळू शकते. बरेच जण हे माहीत नसल्यामुळे पैसे भरून मोकळे होतात.

वकील हवा का? पर्सनची साधीसरळ केस, घरात भांडण नाही, तर कोर्टाच्या सेल्फ-हेल्प सेंटरच्या मदतीनं लोक स्वतः करतात. इस्टेट मोठी असेल किंवा एखादा भाऊ विरोधात उभा राहणार असेल तर वकील घ्या. खर्च हजारांत जातो हे खरं, पण कोर्टानं मंजूर केला तर तो कॉन्झर्व्हेटीच्या पैशातून देता येतो.

नोटिसा, आणि इचलकरंजीचा मामा

सायटेशन नावाचा कागद ज्याच्यासाठी अर्ज केलाय त्याच्या हातात, प्रत्यक्ष, हिअरिंगच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. तो तुम्ही स्वतः द्यायचा नाही, १८ वर्षांवरच्या, केसमधे नसलेल्या माणसानं द्यायचा. आमच्या शेजारणीनं दिला. आईनं तो घेतला, वाचल्यासारखं केलं, आणि घडी घालून देवघरात ठेवला. मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही, कारण त्या कागदावर लिहिलेलं असतं की तुमची मुलगी म्हणते तुम्हाला स्वतःचं काही कळत नाही.

मग नातेवाईक. नवरा किंवा बायको आणि दुसऱ्या पायरीपर्यंतचे सगळे, म्हणजे मुलं, आईवडील, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं, या सगळ्यांना पोस्टानं नोटीस, तीही किमान १५ दिवस आधी. यात भारतातले सुटत नाहीत. आईचा भाऊ म्हणजे माझा मामा इचलकरंजीला असतो, वय ८२, त्याला कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचं इंग्रजी पाकीट गेलं आणि त्याला वाटलं मी आईवर केस केली. रात्री दोनला फोन. तर पाकीट पोचायच्या आधी सगळ्यांना फोन करून समजावून सांगा की कोर्टात जाणं म्हणजे भांडण नव्हे, इथली पद्धत आहे, आणि त्यांना काही करायचं नाहीये. पोस्टाला लागणारे दिवस धरून पाकिटं लवकर टाका.

इन्व्हेस्टिगेटर घरी येतो

हिअरिंगच्या आधी कोर्टाचा इन्व्हेस्टिगेटर माणसाला प्रत्यक्ष भेटतो, एकट्याशी बोलतो, हक्क समजावून सांगतो, विरोध आहे का विचारतो, तुमच्याशी आणि जवळच्या नातेवाइकांशीही बोलतो आणि हिअरिंगच्या पाचेक दिवस आधी रिपोर्ट देतो. घर आवरून ठेवायची गरज नाही, हा काही मुलगी बघायचा कार्यक्रम नाहीये. पण भाषेची व्यवस्था आधी करा. आई आता इंग्रजी विसरलीय, उरलंय ते फक्त मराठी, तेही लहानपणचं. ऑफिसनं आधी विचारलं हिंदी चालेल का. नाही चालणार, असं स्पष्ट सांगा. मराठी दुभाषा मागा, कोर्टातल्या हिअरिंगसाठी आयएनटी-३०० हा फॉर्म आहे, तो लवकर द्या कारण मराठी दुभाषे मोजकेच असतात. आणि स्वतः दुभाषा व्हायला जाऊ नका, तुम्ही अर्जदार आहात, तुमच्या तोंडून आईचं उत्तर आलं तर त्याला काय किंमत.

तिला कोर्टानं वेगळा वकीलही दिला. २०२२ पासून हे पक्कं झालंय, आणि तो वकील 'हिच्या भल्याचं काय' हे बघत नाही, तिला काय हवंय ते मांडतो. आमच्या केसमधे तिचा वकील मला उलटसुलट प्रश्न विचारत होता तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्याचं. प्रत्येक अर्ज करणारी मुलगी काही चांगलीच असते असं थोडंच आहे.

हिअरिंग

बऱ्याच काउंट्यांत हिअरिंगच्या काही दिवस आधी प्रोबेट एक्झामिनरच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या कोर्टाच्या माणसाच्या, नोट्स येतात, कोर्टाच्या साइटवर बघता येतात. तुमच्या अर्जात काय कमी आहे याची ती यादी असते, अमक्या नातवाचा पत्ता नाही, तमक्या पानावर सही नाही. त्या वाचल्या नाहीत तर जज दोन मिनिटांत पुढची तारीख देतो. वाचा, दुरुस्ती भरा, मग जा.

ज्याच्यासाठी अर्ज आहे त्यानं हजर राहायचं असतं. तब्येतीमुळे येता येत नसेल तर डॉक्टरांचं लेखी हवं, किंवा त्यानं इन्व्हेस्टिगेटरला सांगितलेलं असावं की मला यायचं नाही आणि माझा विरोधही नाही. विरोध असेल तर ज्युरी मागायचा हक्क त्याला आहे.

नेमायचं कोणाला यात आधी त्या माणसाची स्वतःची पसंती, मग नवरा-बायको, मोठी मुलं, आईवडील, भावंडं अशी साधारण ओळ, पण जज माणसाचं हित बघून बदलू शकतो. इस्टेट असेल तर बहुतेक वेळा बाँड लागतो, म्हणजे तुम्ही पैसे खाल्ले तर भरून द्यायला विमा कंपनी. त्याचा हप्ता कॉन्झर्व्हेटीच्या पैशातून जातो. पैसे कोर्टाच्या परवानगीशिवाय काढता येणार नाहीत अशा ब्लॉक्ड खात्यात ठेवले तर बाँड कमी होतो, आम्ही तेच केलं.

जजनं ऑर्डर जीसी-३४० वर सही केली म्हणजे झालं असं नाही. कर्तव्यांचा कागद जीसी-३४८ सही करून द्यायचा, हँडबुक मिळाल्याची पोच द्यायची, आणि मग लेटर्स, म्हणजे नेमणुकीचं अधिकारपत्र, जीसी-३५०, निघतात. बँकेला ऑर्डर नको असते, लेटर्स हवी असतात, तीही कोर्टाच्या शिक्क्याची सर्टिफाइड प्रत. अर्ध्या डझन प्रती एकदमच घ्या. अर्ज टाकल्यापासून इथपर्यंत आम्हाला चार महिने लागले, त्यातले पाच आठवडे त्या रिकाम्या चौकोनांचे.

नेमणूक झाल्यावर खरं काम

लोकांना वाटतं आता अधिकार मिळाला. मिळाला, पण तुमच्याच गळ्यात पट्टाही पडला.

पहिल्या ६० दिवसांत माणसाला कुठल्या पातळीची देखभाल लागते त्याचा कागद, जीसी-३५५. ९० दिवसांत इन्व्हेंटरी, म्हणजे त्याच्या नावावर काय काय आहे. रोख सोडून बाकीच्याची किंमत कोर्टाचा प्रोबेट रेफरी ठरवतो. यात दागिने येतात. आईच्या पाटल्या कपाटात होत्या, वहिनीला द्यायच्या असं आईनं दहादा बोलून दाखवलेलं, पण बोलणं वेगळं आणि देणं वेगळं, आता त्या कॉन्झर्व्हेटीची मालमत्ता, यादीत लिहिल्या. भाच्याच्या लग्नात आईच्या नावानं आहेर करायचा होता तोही मी माझ्या खिशातून केला, कारण कोर्टाला विचारल्याशिवाय तिच्या पैशातून भेट देता येत नाही.

पैसे वेगळ्या खात्यात, खात्याच्या नावातच कॉन्झर्व्हेटरशिप असायला हवं. आपल्या पैशात एक डॉलरही मिसळायचा नाही, उसने घ्यायचे नाहीत. पहिला हिशोब एका वर्षानं, नंतर किमान दर दोन वर्षांनी, बँक स्टेटमेंटसकट. इन्व्हेस्टिगेटर सहा महिन्यांनी पुन्हा येतो, मग नेमणुकीला वर्ष झाल्यावर, मग दरवर्षी. पावत्या रोजच्या रोज टाका, वर्षाच्या शेवटी आठवून लिहू म्हणाल तर वेड लागेल.

घर विकायचं तर कोर्टाची परवानगी. राहत्या घरातून दुसरीकडे हलवायचं तर १५ दिवस आधी जीसी-०७९, हलवल्यावर ३० दिवसांत जीसी-०८०. भेटीगाठी, फोन, पत्रं हे त्याचे वैयक्तिक हक्क राहतात, कोर्टानं वेगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तोडू शकत नाही. म्हणजे तुमचं नणंदेशी पटत नाही म्हणून ती सासऱ्यांना भेटायची नाही, असं नाही चालत. मतदानाचा हक्कही आपोआप जात नाही.

आईला भारतात न्यायचंय

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, पुण्यात चोवीस तासांची बाई परवडते, इथे नाही परवडत. तुम्ही कॉन्झर्व्हेटर असाल तर माणसाला कॅलिफोर्नियाबाहेर राहायला नेण्यासाठी कोर्टाची परवानगी लागते, मग ते नेवाडा असो की नाशिक. परवानगी देताना कोर्ट अट घालतं की साधारण चार महिन्यांत, किंवा ते ठरवेल तेवढ्या मुदतीत, माणसाला परत आणा नाहीतर नव्या जागी तशीच कार्यवाही सुरू करा.

आणि नवी जागा भारत असेल तर तिथे डिमेन्शियाच्या किंवा कोमातल्या माणसाची मालमत्ता सांभाळायला सरळ असा कायदाच नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात ती सोय नाही, १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी वगैरेंना पालक नेमता येतो पण डिमेन्शिया त्यात बसत नाही. मग लोक हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली जातात. २०२० मधे मुंबई हायकोर्टानं कोमातल्या नवऱ्याची गार्डियन म्हणून बायकोला असंच नेमलं होतं. उलट बाजूनं, कॅलिफोर्नियाची लेटर्स घेऊन सांगलीच्या बँकेत गेलात तर ते लॉकर उघडून देणार नाहीत. दादानं प्रयत्न करून बघितला. तिकडच्या मालमत्तेसाठी तिकडचाच वकील बघा.

व्हिजिटर व्हिसावर आलेले आईवडील इथे आजारी पडले तर? कोर्ट आधी बघतं की माणूस सलग सहा महिने कुठे राहत होता, त्यावरून ठरतं की ही केस ऐकायचा हक्क मुळात कोणाचा. अशा वेळी फॉर्म भरायच्या आधी वकिलाला विचारा.

मुलगा १८ चा होतोय

माझ्या मैत्रिणीचा मुलगा ऑटिस्टिक, तिला शाळेनं सांगितलं की १८ पूर्ण झाले की आयईपीच्या (शाळेतल्या त्याच्या खास शिक्षण-आराखड्याच्या) मीटिंगमधे तुमचा हक्क संपला. हे खरं आहे, पण मुलानं स्वतः सही करून शिक्षणाचे हक्क आईला देता येतात, तेवढ्यासाठी कोर्ट नको.

लिमिटेड कॉन्झर्व्हेटरशिपमधे सगळे अधिकार एकदम मिळत नाहीत, सात आहेत आणि प्रत्येक वेगळा मागून पटवून द्यावा लागतो: राहण्याची जागा, गोपनीय रेकॉर्ड, करार, वैद्यकीय संमती, शिक्षण, लग्नाला संमती, आणि सामाजिक व लैंगिक संबंध. बरेच आईबाप सातही चौकोनांवर खूण करतात, "असू दे, लागलं तर". नका करू. शेवटच्या दोन अधिकारांवर मुलाचा वकील हमखास विचारतो, आणि विचारायलाच हवं. मैत्रिणीनं चार मागितले, चारही मिळाले.

यात रीजनल सेंटर, म्हणजे अशा मुलांना सेवा मिळवून देणारी संस्था, येतं, कॅलिफोर्नियात अशी २१ आहेत, आमच्याकडे ईस्ट बेचं, सॅन होजेकडे सॅन अँड्रियास. त्यांना ३० दिवस आधी नोटीस द्यायची, ते मुलाची तपासणी करून कोर्टाला रिपोर्ट देतात. अर्ज वाढदिवसाच्या आधीच टाकता येतो, म्हणजे १८ व्या वाढदिवशी नेमणूक लागू होते, पाचसहा महिने आधी लागा. उत्पन्न फक्त एसएसआय असेल तर इस्टेट मागूच नका, पेयी पुरे.

संपते कधी

कॉन्झर्व्हेटी बरा झाला, किंवा आता गरज नाही असं दाखवलं, तर तो स्वतः, तुम्ही, कोणीही कोर्टाकडे मागू शकतं. लिमिटेडमधे हे होतंही, मुलं चोविशीत पंचविशीत बरंच शिकतात.

माणूस गेला तर तुमचा अधिकार तिथेच थांबतो. शेवटच्या आजारपणाची बिलं आणि अंत्यविधीचा वाजवी खर्च एवढा त्या पैशातून करता येतो, बाकी खात्याला हात लावायचा नाही, ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसांकडे जातं. वर्षश्राद्धाचा खर्च त्यात धरू नका, एका ओळखीच्यांनी धरला होता आणि शेवटच्या हिशोबात एक्झामिनरनं तेवढ्याच ओळीवर बोट ठेवलं. तो हिशोब कोर्टानं मान्य केला की मग तुमची सुटका होते आणि बाँड रद्द होतो, तोपर्यंत हप्ता चालूच राहतो, म्हणून तो हिशोब लांबवू नका.